गांठीवरचा आंकडा

मराठींत ‘आंकडा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि कापसाच्या व्यापारांत ते दोन्ही एकाच गांठीवर येऊन मिळतात. हमालाच्या हातांतील वांकड्या लोखंडी टोंकास आंकडा म्हणतात, आणि दाबलेल्या गांठीच्या वेष्टणावर शाईनें छापलेला क्रमांक तोही आंकडाच. पहिला आंकडा गांठ उचलतो, दुसरा ती कोणाची हें सांगतो. पहिल्यानें वेष्टण फाडलें म्हणजे दुसरा वाचावयाचा राहतो, असें त्यांचें जुनें वैर आहे. या दुसऱ्या आंकड्याचा इतिहास थोडक्यांत पाहावा, आणि आज तो वाचण्यासाठीं जें हातांत धरावयाचें यंत्र निघालें आहे तें कसें सज्ज करावें लागतें हेंही वाचकांपुढें ठेवावें, असा आमचा हेतु आहे. हीं दोन प्रकरणें वरवर पाहतां एकमेकांपासून फार दूरचीं वाटतील. तीं तशीं नाहींत.

हार्बर रेल्वेचा कुर्ल्यापासून रे रोडपर्यंतचा मार्ग १२ डिसेंबर १९१० रोजीं सुरू झाला. १८८५ ते १८९० या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड रे यांचें नांव या स्थानकास मिळालें आहे. कांहीं वर्षें हें स्थानक म्हणजे त्या मार्गाचें दक्षिणेकडील शेवट होतें. पुढें ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदराहून कुर्ल्यास हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी गेली ती येथूनच. पूर्वेस बंदर, पश्चिमेस परळ-लालबागच्या गिरण्या, आणि मध्यें पोर्ट ट्रस्टनें समुद्र हटवून तयार केलेली वखारींची जमीन, असा हा पट्टा आहे. रे रोडच्या उत्तरेस पुढचेंच स्थानक कॉटन ग्रीन. नव्या माणसास वाटतें कीं हें नांव हिरवळीवरून पडलें असावें. परंतु येथील ‘ग्रीन’ म्हणजे मोकळें मैदान. मूळचें मैदान किल्ल्यांतील इंग्रजी देवळासमोर होतें. तेथें कापसाचे ढीग पडत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कापूस कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत शिवडीच्या या भरावावर आला. मैदान मागें राहिलें; नांव मात्र गांठींबरोबर चालत आलें.

कापसांतील लबाडी कापसाच्या व्यापाराइतकीच जुनी आहे. रुईंत सरकी राहूं द्यावी, वजन वाढावें म्हणून पाणी मारावें, लांब धाग्याच्या रुईंत आंखूड धाग्याची मिसळावी, आणि हें सारें गांठीच्या पोटांत दडवून बाहेरून चांगला थर द्यावा, अशी तिची रीत. तिला आळा घालण्यासाठीं मुंबई सरकारनें १८२९ सालींच नियम केला होता. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या बंदरावर एकाएकीं सोन्याचा पाऊस पडूं लागला. भाव चढला तशी लबाडीही चढली. म्हणून १८६३ सालीं इलाख्यापुरता कापसांतील फसवणुकीचा स्वतंत्र कायदा झाला, व तपासणीस नेमले गेले. व्यापाऱ्यांस तो कायदा कधींच आवडला नाहीं आणि विसेक वर्षांत तो मोडीत निघाला.

तो कां फसला याचें कारण आमच्या मतें व्यापाऱ्यांच्या विरोधापेक्षां अधिक खोल आहे. स्क्रूनें दाबलेली गांठ उघडल्यावांचून तिच्या पोटांतील गोष्ट कळत नाहीं, आणि लाखों गांठी कोणी उघडूं शकत नाहीं. समजा, उघडलेली एक गांठ खोटी निघाली. ती खोटी कोठें झाली? शेतांत, जिनांत, प्रेसमध्यें, कीं वाटेवरच्या एखाद्या वखारींत? हें सांगतां आलें नाहीं म्हणजे शिक्षा कोणालाच नीट लागत नाहीं; आणि दंड मात्र सर्वांस बसतो, तो भावाच्या रूपानें. लिव्हरपूलचा खरेदीदार सगळ्याच गांठींविषयीं संशय धरतो व सगळ्यांचाच भाव खालीं ओढतो. हिंगणघाटच्या रुईचें नांव चांगल्या धाग्याबद्दल दूरवर पसरलेलें होतें. तेथील ज्या शेतकऱ्यानें कापूस स्वच्छ वेंचला, वाळविला, वेगळा ठेविला, त्याच्या श्रमाचें मोल त्या नांवाखालीं भलताच माल विकणाऱ्यानें खाल्लें. गांठीवरचा आंकडा हा मुळांत या माणसाच्या बाजूचा प्रश्न आहे. कारकुनी सोय ही त्याची दुय्यम बाजू होय.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१७ सालीं, सरकारनें कापसाची स्थिति पाहण्यासाठीं समिति नेमली. तिच्या सूचनेवरून १९२१ सालीं मध्यवर्ती कापूस समिति अस्तित्वांत आली. १९२३ सालीं चांगल्या कापसाच्या मुलखांत हलका कापूस मिसळण्यासाठीं नेण्यास बंदी करतां यावी असा कायदा झाला, आणि १९२५ सालीं जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आला. या शेवटच्या कायद्यांत आम्हांस खरी चतुराई दिसते. त्यानें गांठ उघडण्याचा हव्यास सोडून दिला. प्रत्येक प्रेसला एक ठरीव खूण. प्रत्येक गांठीवर, ती प्रेसमधून बाहेर पडण्यापूर्वीं, ती खूण आणि अनुक्रमांक. आणि प्रेसच्या मालकापाशीं एक नोंदवही, तींत रोज किती गांठी दाबल्या, त्यांचे क्रमांक कोणते, त्या कोणासाठीं दाबल्या, हें लिहिलेलें. यापुढें गिरणीच्या दारांत खोटी गांठ सांपडली तर तिच्यावरील आंकडा धरून उलट चालत जावयाचें, तें थेट वहीच्या त्या ओळीपाशीं. आंकडा स्वतः मुका आहे. त्याला तोंड आहे तें वहींत.

खूण आणि वही यांची ही जोडी ध्यानांत ठेविली म्हणजे बारकोड हा चमत्कार वाटत नाहीं. प्रेसची खूण चित्रासारखी ओळखतां येते. अनुक्रमांक मात्र वाचून उतरवून घ्यावा लागतो, आणि उतरवितांना माणूस चुकतो. तीनाचा आठ होतो, दोन आंकड्यांची अदलाबदल होते, सायंकाळच्या अंधुक उजेडांत शून्य दिसतच नाहीं. अमेरिकेंत नॉर्मन जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर या दोघांनीं या उतरविण्याच्या कामाचाच विचार केला. वुडलँड याला मियामीच्या समुद्रकांठीं वाळूंत बोटें ओढतांना तारायंत्राच्या टिंब-रेघा खालपर्यंत लांबविण्याची कल्पना सुचली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. १९४९ सालीं त्यांनीं अर्ज केला आणि ७ ऑक्टोबर १९५२ रोजीं पेटंट मिळालें. पण ओहायो संस्थानांतील ट्रॉय गांवच्या एका दुकानांत चुइंगमच्या पुडक्यावरील रेघा प्रथम वाचल्या गेल्या त्या २६ जून १९७४ रोजीं. मधलीं बावीस वर्षें स्वस्त लेसर आणि स्वस्त गणकयंत्र यांची वाट पाहण्यांत गेलीं.

आपल्या घरांत येणाऱ्या पुडक्यांवर जो तेरा आंकड्यांचा बारकोड असतो त्याचा शेवटचा आंकडा पहारेकऱ्याचें काम करतो. पहिल्या बारा आंकड्यांस क्रमानें एकदां एकानें व एकदां तिनानें गुणावें, बेरीज करावी, आणि ती पुढच्या दशकापर्यंत नेण्यास जें कमी पडेल तो तेरावा आंकडा. ८९०१२३४५६७८९ घेतले तर बेरीज १३० येते, म्हणून शेवटीं शून्य. वाचतांना एखादा आंकडा चुकला तर हिशेब जुळत नाहीं व यंत्र गप्प राहतें. मात्र शेजारचे दोन आंकडे एकमेकांच्या जागीं गेले, आणि त्यांच्यांत पांचाचें अंतर असलें, जसें १ आणि ६, तर ही चूक या पहारेकऱ्यासही दिसत नाहीं. आरंभींचा ८९० पाहून माल हिंदुस्थानांत झाला असें पुष्कळ सुशिक्षित मंडळी समजतात. त्याचा अर्थ एवढाच कीं तो क्रमांक भारतांतील संस्थेनें दिला आहे. माल कोठेंही झालेला असूं शकतो. १९२५ च्या कायद्यांतील खूण प्रेस दाखवीत होती. हा ८९० तसें कांहींच दाखवीत नाहीं.

आतां हातयंत्राकडे वळूं. बाजारांत तें दोन जातींचें मिळतें. एक लेसरची तांबडी रेघ फिरवून उभ्या रेघा वाचतें. दुसऱ्यांत बारीक कॅमेरा असतो व तें चौकोनी क्यूआर खूणही वाचतें. गांठीवर चौकोनी खूण असेल तर पहिल्या जातीचें यंत्र फुकट. तार संगणकास जोडली म्हणजे बहुतेक यंत्रें आपण कळफलक आहों असें सोंग घेतात: खूण वाचावयाची आणि आंकडे जणूं कोणी बोटांनीं टंकले असे पाठवावयाचे. म्हणून पहिली परीक्षा कोऱ्या पानावर करावी.

पुढची जुळणी कशी होते हें मोठें मौजेचें आहे. यंत्रास बहुधा एका घोड्यावांचून कळच नसते. त्याच्या पुस्तिकेंत पानेंच्या पानें बारकोड छापलेले असतात, आणि प्रत्येक बारकोड म्हणजे एक आज्ञा. जी लिपि त्यास वाचतां येते त्याच लिपींत त्याला उपदेश करावयाचा. प्रथम ‘कारखान्यांतील मूळ स्थिति’ ही खूण वाचून घ्यावी, म्हणजे पूर्वींच्या कोणा वापरणाऱ्याच्या संवयी पुसल्या जातात. एका आज्ञेवर यंत्र धरतांना शेजारच्या आज्ञा कागदानें झांकाव्या. नाहींतर नको ती आज्ञा तें इमानानें पाळतें. त्यानंतर प्रत्येक वाचनाच्या शेवटीं ‘एंटर’ जोडण्याची आज्ञा द्यावी. ही राहिली म्हणजे काय होतें तें एका ग्रंथालयांत आम्हीं पाहिलें आहे: दोन पुस्तकांचे क्रमांक एकमेकांस चिकटून सव्वीस आंकड्यांचें एक अजस्त्र पुस्तक यादींत जमा झालें होतें.

मग आपल्याला लागणाऱ्या जातींच्याच खुणा चालू ठेवून बाकीच्या बंद कराव्या. कांहीं जुन्या जातींत अर्धीच खूण वाचली तरी ती पुरी समजली जाते. तेथें लांबी ठरवून द्यावी लागते. मराठी लिहिणाऱ्यांसाठीं एक विशेष सूचना. यंत्र अक्षर पाठवीत नाहीं, कळ पाठवितें. संगणकाचा कळफलक मराठीवर राहिला असेल तर क्रमांकांतील रोमन अक्षरांच्या जागीं काना-वेलांट्या उमटतात, आणि बिचारा कारकून यंत्र बिघडलें म्हणून तक्रार करतो. त्याहून घातक गोष्ट आरंभींच्या शून्याची. गांठीचा क्रमांक ००४१७ असेल आणि वहीचा रकाना संख्येचा ठेविला असेल तर शून्यें गळून ४१७ उरतो, आणि कदाचित् तो दुसऱ्याच गांठीचा क्रमांक असतो. रकाना अक्षरांचा ठेवावा, म्हणजे शून्य शाबूत राहतें. बिनतारी यंत्र असेल तर वखारीच्या टोंकास गेल्यावर वाचलेले क्रमांक तें सांठवितें कीं सोडून देतें हें आधीं ठरवावें. यंत्रानें ‘बीप’ केलें याचा अर्थ त्यानें वाचलें. वहींत पोंचलें असा नव्हे. म्हणून सर्व जुळणी झाल्यावर दहा गांठींचे क्रमांक डोळ्यांनीं वाचून कागदावर लिहावे आणि यंत्राच्या यादीशीं ताडून पाहावे. हें दहा मिनिटांचें काम बहुतेकजण टाळतात.

एवढ्या किरकोळ गोष्टींत आम्ही कां शिरलों असें कोणी विचारील. याचें कारण या गोष्टी आज पुन्हां कापसाच्या गांठीपाशीं आल्या आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक मिटल्या, आणि रे रोडच्या बाजूस गांठींची पूर्वींची वर्दळ उरली नाहीं. पण कापूस गेला नाहीं, तो इतर वाटांनीं जातो. ७ ऑक्टोबर २०२० रोजीं भारतीय कापसास ‘कस्तूरी’ हें नांव देण्यांत आलें. (वुडलँडच्या पेटंटाची तारीखही ७ ऑक्टोबरच; योगायोग म्हणून सोडून द्यावी.) त्या योजनेंत आणि कापूस महामंडळाच्या खरेदींत गांठीवर क्यूआर खूण लावण्याची पद्धति आली असून, ती वाचली म्हणजे गांठ कोणत्या कारखान्यांत दाबली, तिचा दर्जा काय, हें समजावें अशी व्यवस्था आहे. क्यूआर खूण १९९४ सालीं जपानांत डेन्सो कंपनींतील मासाहिरो हारा यांनीं मोटारींच्या सुट्या भागांसाठीं सिद्ध केली. तिच्यांत मजकूर अशा रीतीनें पुनरुक्त केलेला असतो कीं, सर्वांत बळकट प्रकारांत सुमारें तीस टक्के भाग मळला-फाटला तरी ती वाचली जाते. हमालाच्या लोखंडी आंकड्याचें आणि छापील आंकड्याचें तें जुनें वैर येथें पुष्कळसें मिटलें म्हणावयाचें.

परंतु १९२५ च्या वहींत जी ओळ कोरी होती ती अद्याप भरली गेली आहे काय, याचा शोध घेतला तर अडचण यंत्राच्या अलीकडेच उभी असलेली दिसते. आज एक गांठ सुमारें १७० किलोंची असते, आणि तेवढी रुई निघण्यास पांच क्विंटलांच्या आसपास कापूस लागतो. यवतमाळचा किंवा जळगांवचा शेतकरी तो ट्रॉलींत भरून जिनांत आणतो. तेथें पुष्कळांचा कापूस एकाच ढिगांत ओतला जातो, आणि त्या ढिगांतून गांठी निघतात. खूण चिकटते ती त्यानंतर. ढिगापर्यंत मागें जातां येतें. ढिगांतील कोणता कापूस स्वच्छ वेंचलेला होता आणि कोणता ओला होता, हें जिनाच्या दारांत मूठभर कापूस चुरून पाहणाऱ्या माणसालाच त्या क्षणीं ठाऊक असतें, आणि तो तें कोठेंही लिहून ठेवीत नाहीं.