हिरव्या रेषेचा वाद आणि पुण्याची साक्ष

लोणावळ्याच्या दिव्यांपासून दूर, मावळातल्या एखाद्या गावातून पौष-माघाच्या काळोख्या रात्री मृग नक्षत्र पाहावे. तीन ताऱ्यांच्या बाणाच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसतो. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या तेजोमेघात आजही तारे जन्मत आहेत.

असे मेघ कशाचे बनलेले असतात? १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यासारखा सलग पट्टा न दिसता मोजक्याच तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे तो विरळ वायू होता. त्यातली सर्वांत ठळक हिरवी रेषा मात्र कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. नॉर्मन लॉकियर म्हणत, तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आणि ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड. तसे असेल तर ती एका बाजूला पुसट होत जायला हवी.

इथे पुण्याचा संबंध येतो. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांची देणगी आणि सरकारची मदत मिळवून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचे सीओईपी) वेधशाळा उभारली. तिच्या उभारणीत लॉकियर यांचाही सल्ला होता. तरीही मृगातल्या मेघाचे वेध घेऊन नायगमवालांनी १८९१ मध्ये लिहिले, की रेषा तीक्ष्ण आहे, पट्ट्याचे चिन्ह नाही! अमेरिकेतील जेम्स कीलर यांची मोजमापे अधिक निर्णायक ठरली हे खरे. पण ज्यांचा सल्ला घेतला त्यांच्याच मताविरुद्ध वेध छापणे मला मोठे वाटते. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली, उपकरणे कोडाईकनालला गेली.

रेषेचे कोडे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडवले. तप्त तरुण ताऱ्यांचे अतिनील किरण ऑक्सिजनच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन काढून टाकतात. अशा अणूला ही रेषा सोडायला बराच वेळ लागतो. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत त्याआधीच टक्कर होऊन त्याची ऊर्जा जाते. विरळ मेघात ती वेळ मिळते.

असे तप्त तारे अल्पायुषी असतात. म्हणून ज्या दीर्घिकेत असे मेघ चमकतात, तिथे ताऱ्यांचा जन्म ताजा समजावा. सुमारे २७ लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्रिकोण दीर्घिकेतला एक मेघ मृगातल्या मेघाच्या कितीतरी पट, सुमारे १,५०० प्रकाशवर्षे रुंद आहे. त्याच्या वर्णपटातही हीच हिरवी रेषा आहे.

मेघातला वायू हे अतिनील किरण बहुतेक शोषून घेतो. पण काही निसटतात. २०२० मध्ये पुण्याच्या आयुकातील कनक साहा आणि सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅट उपग्रहाच्या दुर्बिणीने असे निसटलेले किरण टिपल्याचे जाहीर केले. ज्या दीर्घिकेतून ते निघाले, तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ९३० कोटी वर्षे लागली.