ऐंशीनंतर फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन: फुफ्फुस किती काढतात?

कागल तालुक्यातल्या बिद्रीसारख्या गावात ऐंशी ओलांडलेल्या आजोबांच्या छातीत गाठ निघाली की घरात पहिला प्रश्न असतो, ‘या वयात ऑपरेशन झेपेल का?’ डॉक्टरांपुढचा प्रश्न थोडा वेगळा असतो. ऑपरेशन करायचं, तर फुफ्फुसाचा किती भाग काढायचा?

उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन मोठे भाग असतात. त्यांना ‘लोब’ म्हणतात. प्रत्येक लोब आणखी छोट्या खंडांत विभागलेला असतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथं डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी 1933 मध्ये कॅन्सरसाठी एका रुग्णाचं अख्खं फुफ्फुस काढलं आणि तो रुग्ण पुढे अनेक वर्षं जगला. ग्रॅहम यांचं स्वतःचं निधन 1957 मध्ये फुफ्फुसाच्याच कॅन्सरनं झालं. नंतर एक लोब काढणं पुरेसं ठरू लागलं. 1995 मधल्या एका अमेरिकन चाचणीत लोबपेक्षा कमी भाग काढलेल्यांमध्ये कॅन्सर त्याच जागी जास्त वेळा उलटल्याचं दिसलं आणि लोब काढणं हाच नियम पक्का झाला.

मग आता काय बदललं?

2022 मध्ये जपानमधल्या 1,106 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची होती. फक्त खंड काढलेल्यांपैकी 94.3 टक्के, तर लोब काढलेल्यांपैकी 91.1 टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. कॅन्सर त्याच भागात उलटण्याचं प्रमाण मात्र खंडवाल्यांत जास्त होतं: 10.5 टक्के, लोबवाल्यांत 5.4. तरीही ते जगले, कारण लोब गमावलेल्यांमध्ये इतर आजारांनी जास्त मृत्यू झाले. ऐंशीच्या रुग्णासाठी हा मुद्दा मोलाचा आहे. अर्थात चाचणीतले बहुतेक रुग्ण याहून तरुण होते, हे विसरून चालणार नाही.

वय की दम?

जन्मतारखेपेक्षा दम महत्त्वाचा. जोरात फुंकून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते मोजतात. समजा, ती 1.2 लिटर आहे. दोन्ही फुफ्फुसांचे मिळून 19 खंड धरले आणि उजवा खालचा लोब काढला, तर पाच खंड जातात. उरलेल्या 14 खंडांच्या हिशेबानं साधारण 0.9 लिटर राहते. एकच खंड काढला तर 1.1 लिटरच्या वर. आयुष्यभर बिडी ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात राबलेल्या माणसासाठी हा फरक जिना चढता येणं आणि न येणं इतका असू शकतो. हृदय, किडनी, स्मरणशक्ती आणि रुग्ण घरात स्वतःचं स्वतः करतो का, हेही पाहतात.

दम फारच कमी असेल, तर लहान गाठीवर नेमक्या जागी मोजक्याच बैठकांत जास्त मात्रेचं रेडिएशन देता येतं. छाती उघडावी लागत नाही.

अडचण अशी की आपल्याकडे बहुतेक रुग्ण गाठ पसरल्यावरच पोहोचतात. खोकला आणि घटलेलं वजन पाहून टीबीची औषधं सुरू होतात आणि त्यात काही महिने निघून जातात. टीबीच्या औषधांनी फरक पडत नसेल, तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं.

खर्चाचं काय?

ऑक्टोबर 2024 पासून 70 आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. कार्ड आधारवर निघतं. रुग्णालय योजनेत आहे का आणि ठरलेली शस्त्रक्रिया तिथं योजनेत होते का, हे भरती होण्याआधी विचारून घ्यावं.