'बक' कोणाच्या पुढ्यात?

एखाद्या तक्रारीचा कागद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आणि तेथून तिसऱ्या खात्यात फिरू लागला की 'पासिंग द बक' हा इंग्रजी शब्दप्रयोग हमखास कानी पडतो. स्वतःकडे आलेली जबाबदारी न स्वीकारता ती दुसऱ्याकडे सरकवणे, हा त्याचा आजचा अर्थ. मूळ अर्थात मात्र दोषाचा लवलेशही नव्हता.

हा प्रयोग जन्मला एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत, पोकर या पत्त्यांच्या खेळात. पाने वाटण्याची पाळी कोणाची, हे ध्यानात राहावे म्हणून त्या खेळाडूसमोर एखादी खुणेची वस्तू ठेवली जाई. तिला 'बक' म्हणत. सीमावर्ती भागात या कामी चाकू वापरला जाई आणि त्याची मूठ पुष्कळदा हरणाच्या शिंगाची असे. 'बक' म्हणजे नर हरीण. त्यावरून हे नाव पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ज्याला पाने वाटायची नसत, तो ती खूण पुढच्या गड्याकडे सरकवी. यात लबाडी नव्हती, खेळाचा नियमच तसा होता. १८६०च्या दशकातील अमेरिकी वृत्तपत्रांत हा प्रयोग आढळतो आणि मार्क ट्वेनच्या १८७२ सालच्या 'रफिंग इट'मध्येही तो आहे. टाळाटाळीचा अर्थ त्याला चिकटला तो पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीस.

डॉलरला 'बक' म्हणतात तेही याच खेळामुळे, असे अनेकदा सांगितले जाते. ते पटण्याजोगे नाही. अठराव्या शतकात अमेरिकेतील व्यापारात हरणाची कातडी विनिमयाचे माप म्हणून चालत असे. डॉलरचे टोपणनाव तिकडून आले असण्याचा संभव अधिक.

या प्रयोगाला जगभर प्रसिद्धी मिळाली ती राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या मेजावरील पाटीमुळे. ट्रुमन स्वतः पोकरचे शौकीन होते. ओक्लाहोमा राज्यातील एल रेनो येथील सुधारगृहात तयार झालेली ही छोटी पाटी ऑक्टोबर १९४५मध्ये त्यांच्याकडे आली. तिच्यावर 'द बक स्टॉप्स हिअर' अशी अक्षरे होती. ही खूण येथून पुढे सरकणार नाही, अंतिम निर्णय माझा, असा तिचा आशय.

मराठीला या अर्थासाठी उसनवारीची गरज नाही. हात झटकणे, कानांवर हात ठेवणे, अंग काढून घेणे, काखा वर करणे, दुसऱ्याच्या माथी खापर फोडणे. प्रत्येकाची छटा निराळी. काखा वर करणाऱ्याला जमत नसते, तर कानांवर हात ठेवणाऱ्याला 'ठाऊकच नसते'. 'बक'च्या सर्वांत जवळ जाणारा शब्द म्हणजे 'टोलवाटोलवी', आणि गंमत अशी की तोही खेळातलाच वाटतो. फरक इतकाच की पोकरमधली खूण कोणाच्या तरी पुढ्यात सर्वांना दिसत असते. टोलवलेली वस्तू कोठे जाऊन पडली, हे शोधावे लागते.

उपनगरवासीयांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नसावी. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी अंधेरी येथील गोपाळ कृष्ण गोखले पुलाच्या पादचारी मार्गाचा भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला. माणसे जखमी झाली, पुढे मृत्यूही ओढवला. पुलाची देखभाल कोणाची, यावरून महापालिका आणि रेल्वे यांच्यात लगेच परस्परविरोधी दावे सुरू झाले. रुळांवरून जाणाऱ्या पुलांची व्यवस्थाच अशी, की पोहोचरस्ते पालिकेचे, रुळांवरील भागाचे काम रेल्वेचे आणि त्याचा खर्च पुन्हा पालिकेचा. खूण सरकवायला एवढी फट पुरते. ७ नोव्हेंबर २०२२पासून पूल वाहतुकीस बंद झाला, तेव्हा तो पाडायचा कोणी, हाही प्रश्न निघालाच. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४मध्ये खुली झाली. ती लगतच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी जुळतच नव्हती. संपूर्ण पूल मे २०२५मध्ये सुरू झाला.

घाटकोपरची घटना अधिक दारुण. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात छेडानगर येथील पेट्रोलपंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. पालिकेची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट. हा फलक त्याच्या कितीतरी पट मोठा. आपण परवानगी दिलीच नव्हती, असे पालिकेने सांगितले. परवानगी होती ती लोहमार्ग पोलिसांची, जागाही त्यांच्याच ताब्यातली. नावात 'लोहमार्ग' असले तरी हे दल राज्य सरकारचे. त्यामुळे जागा रेल्वेची नाही, असा खुलासा मध्य रेल्वेने केला. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या कागदापुरते मांडलेले होते आणि फलक मात्र त्याआधी भर रस्त्यालगत, सर्वांच्या डोळ्यांदेखत उभा होता. पुढे एका ज्येष्ठ पोलिस अधिकाऱ्यावर निलंबनाची कारवाई झाली आणि खूण नेमकी कोणाच्या पुढ्यात होती हे ठरवण्याचे काम राज्य सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या समितीकडे सोपवले.