साथ आणि सार्थ

गवयाला तबलजी साथ देतो, संसारात जोडीदार साथ देतो, आणि पावसाळ्यात गावात गॅस्ट्रोची साथ येते. सोबत आणि फैलावणारा रोग हे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात सांभाळले. हिंदीच्या ‘साथ’मध्ये रोगाचा अर्थ नाही.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘सार्थ’मध्ये आहे. प्राकृतात त्याचे ‘सत्थ’ झाले, पुढे ‘साथ’. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. स आणि अर्थ, म्हणजे माल, पैसा, मतलब बरोबर घेऊन निघालेली मंडळी. त्यांचा म्होरक्या तो सार्थवाह. अमरकोशाने वाण्याच्या नावांमध्येच हा शब्द दिला आहे. जंगल, घाट, लुटारू यांच्या भीतीने कुणी एकटे निघत नसे, सगळे मिळून निघत. त्यातून सोबत हा अर्थ आला, आणि पुष्कळांना एकदमच गाठते ती साथ, हा अर्थ त्याच्याही पुढचा असावा असे मी मानतो. शब्द असा वळत गेला तेव्हा रोग मालामागून येतो हे कुणाच्या मनात असेल, असे मला वाटत नाही. तरीही खानदेशात राहणाऱ्या माणसाला ही व्युत्पत्ती नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

कारण खानदेश हा वाटेवरचा मुलूख. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा माल तापीच्या खोऱ्यातूनच जाई. धरणगावला इंग्रजांनी १६७४ मध्ये वखार घातली ती इथल्या कापडासाठी. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला, तेव्हा त्यांची नजर ज्या मुलखांकडे वळली त्यांत खानदेश होता. जळगावची पेठ त्या कापसावर वाढली आणि मुंबईची रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी आत आली. दूरदेशी लढाई पेटावी आणि आपल्या शिवारातल्या कापसाला भाव चढावा, युद्ध संपताच तो कोसळावा, हे परावलंबन खानदेशाने तेव्हाच पुरते अनुभवले.

इथे ‘गाठ’ हा शब्द आठवतो. जिनिंग-प्रेसिंगमध्ये आजही कापसाचा हिशेब गाठींत होतो. एक गाठ १७० किलोची. आणि १८९६ साली मुंबईत मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत जो रोग उघड झाला, त्यालाही लोकांनी गाठीचा ताप म्हटले. शिकलेले लोक ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. ग्रंथी आणि गाठ हे एकाच शब्दाचे दोन वेष. हा प्लेग हाँगकाँगकडून बोटीने आला असे मानतात, आणि मुंबईतून तो रेल्वेने देशात पसरला. ज्या रुळांवरून कापूस बंदराकडे जात होता, त्याच रुळांवरून माणसे जीव मुठीत धरून गावाकडे निघाली. सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी लावला तो हाच कायदा.

सप्टेंबर १९९४ची आठवण धुळे-जळगावच्या कितीतरी घरांत असेल. सुरतेच्या यंत्रमागांवर आणि कापडबाजारात खानदेशी माणूस मोठ्या संख्येने आहे. तिथे फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांतले आपले लोक उधना-जळगाव गाडीने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरला उतरले. देशभरातले मृत्यू शंभराच्या आत राहिले, पण धास्ती जगभर गेली. आखाती देशांनी विमाने थांबवली, काही देशांनी भारतातून अन्नमाल घेणे बंद केले. रोगापेक्षा बंद वाटेनेच देशाचे जास्त नुकसान केले. जागतिक आरोग्याचे जुने नियम पटकी, प्लेग आणि पीतज्वर एवढ्यांपुरतेच होते. ते २००५ मध्ये बदलले, आणि त्या बदलामागे सुरतेचा अनुभवही होता.

म्हणून वाट बंद करा हा सल्ला मला पटत नाही. जळगावच्या दाळमिलांत म्यानमार आणि आफ्रिकेची तूर येते; रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी दुबईला जाते. ही ये-जा थांबली तर शेतकरी आधी बुडेल.

मात्र वाटेवर पहारा हवा, आणि आज तो सर्वांत जास्त केळीच्या बागेत हवा. तिथला शब्द आहे ‘मर’. मरी, महामारी यांच्याच कुळातला, मृ धातूचा. मध्य अमेरिकेत हा मर रोग आणणाऱ्या बुरशीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रो मिशेल ही निर्यातीची जात संपवली आणि जग कॅव्हेंडिश केळीकडे वळले. आता टीआर-४ नावाचा तिचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाच मारतो. तैवानमध्ये प्रथम आढळलेला हा प्रकार २०१९ मध्ये कोलंबियात पोचला. भारतात तो बिहारच्या कटिहार भागात आणि उत्तर प्रदेशात सापडला आहे. रावेर-यावलच्या ग्रँड नैनच्या बागा कॅव्हेंडिश गटातल्याच आहेत. बुरशी एकदा जमिनीत शिरली की वर्षानुवर्षे राहते, आणि तिच्यावर खात्रीचे औषध नाही. ती पसरते ती मुनव्यांतून, बुटांच्या आणि ट्रॅक्टरच्या चिखलातून, पाटाच्या पाण्यातून.

तेव्हा रावेर, यावल, चोपड्याच्या बागायतदारांना माझी विनंती आहे. बाहेरच्या राज्यातले मुनवे आणि कंद स्वस्त मिळाले तरी आणू नका, प्रमाणित टिश्यूची रोपेच लावा. दुसऱ्याच्या बागेतून आलेली अवजारे धुतल्याशिवाय आपल्या बागेत घेऊ नका. खालची पाने कडेने पिवळी पडून देठाशी मोडताना दिसली, खोड चिरल्यावर आत तांबूस-तपकिरी रेषा दिसल्या, तर ते झाड उपटून बांधावर टाकू नका. त्याच दिवशी कृषी विज्ञान केंद्राला कळवा.