छऱ्याची परीक्षा

बंदुकीचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें रणांगण उभें राहतें. पलटणी, वेढे, तहनामे यांच्याशीं त्या इतिहासाची सांगड इतकी घट्ट बसली आहे कीं, बंदुकीची एक शाखा सैन्याशीं फारसा संबंध न ठेवतां दलदलीच्या कांठीं, थंडीच्या पहांटे, बदकांच्या मागें वाढली, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. छऱ्याची बंदूक ही ती शाखा होय. या बंदुकीची व तिच्या काडतुसांची परीक्षा लोक कशी घेत गेले, तींत काय मोजलें आणि काय मोजावयाचें राहिलें, हा विषय वरवर पाहतां शिकाऱ्यांच्या गप्पांचा वाटेल. परंतु या परीक्षेनें शंभर वर्षांत सरोवरांच्या तळाशीं जें साठविलें, त्याकडे पाहिलें असतां या विषयाची योग्यता कमी नाहीं असें आम्हांस वाटतें.

छऱ्याच्या बंदुकीची अडचण तिच्या घडणींतच आहे. गोळीच्या बंदुकींतून एका बारास एकच गोळी सुटते. ती लागते किंवा चुकते. छऱ्याच्या बंदुकींतून एका बारास दीडशें-तीनशें दाणे सुटतात आणि नळीबाहेर पडतांच ते पसरूं लागतात. पसरणें हाच त्यांचा गुण. कारण उडत्या पाखराला एका गोळीनें टिपणें अशक्यप्रायच असतें. पण हा गुण थोडा अधिक झाला कीं त्याचा दोष होतो. आंतून सर्वत्र सारख्या व्यासाची नळी 40 वारांवर झाडली, तर 30 इंच व्यासाच्या वर्तुळांत शेंकडा 40 च्या आसपास दाणे पडतात. बाकीचे इकडे तिकडे जातात. दाण्यांमधील मोकळ्या जागेंतून बदक निसटतें. किंवा, आणि हें अधिक वाईट, एक-दोन दाणे अंगांत घेऊन तें उडत राहतें आणि दूर लव्हाळ्यांत पडून दोन दिवसांनीं मरतें. शिकारी 'गेलें' असें म्हणतो आणि पुढचें काडतूस भरतो.

यावर उपाय दिसावयास अगदीं सोपा आहे. नळीचें तोंड किंचित् आवळावयाचें. बारा बोअरच्या नळीचा आंतील व्यास पाऊण इंचाहून थोडा कमी असतो. तोंडापाशीं तो आणखी इंचाच्या सुमारें 40 सहस्रांशांनीं, म्हणजे एका मिलिमीटरानें, कमी केला कीं दाण्यांचा झुबका दूरवर एकत्र राहतो आणि त्याच वर्तुळांत शेंकडा 70 दाणे पडतात. या आवळलेल्या तोंडाला इंग्रजींत जें नांव आहे त्याचा अर्थच गळा आवळणें असा आहे. चोक हा शब्द आपल्याकडील शिकाऱ्यांनींही जसाच्या तसा उचलला.

हा शोध कोणाचा, यावर दोन देशांत बराच वाद झाला. ऱ्होड आयलंडांतील स्मिथफील्ड गांवच्या जेरेमाया स्मिथानें 1827 सालीं ही गोष्ट ओळखली होती, असें बर्मिंगहॅमचा प्रसिद्ध बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यानेंच लिहून ठेवलें आहे. न्यूकॅसलच्या पेपनें 1866 सालीं घेतलेल्या पेटंटांत तिचा उल्लेख आहे. अमेरिकेंत सिल्व्हेस्टर रोपरनें 1868 सालीं नळीच्या तोंडावर बसविण्याच्या चोकाचें पेटंट घेतलें. पण या सर्वांत मनोरंजक दावा फ्रेड किंबल याचा. हा इलिनॉय नदीवर बाजारासाठीं बदकें मारून पोट भरणारा मनुष्य. त्याच्या सांगण्याप्रमाणें त्यानें 1860 नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका नळीचें तोंड बरेंच आवळून पाहिलें, तेव्हां छरे पूर्वीपेक्षांही अधिक विखुरले. प्रयोग फसला असें समजून तो तें आवळलेलें तोंड पुन्हां मोकळें करावयास बसला. थोडें कोरून झाल्यावर सहज एक बार काढून पाहतो, तों छरे एका जागीं झुबक्यानें पडलेले! तोंड पुरतें मोकळें झालें नव्हतें. जें थोडें आवळलेलें राहिलें होतें तेंच नेमकें हवें होतें. ही गोष्ट त्यानें उतारवयांत सांगितली, त्यामुळें तिच्यावर किती भार ठेवावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. आम्हांला ती खरी वाटते. कारण स्वतःला शोधक म्हणवूं इच्छिणारा मनुष्य गोष्ट रचतांना आपल्या फसगतीला इतकें मध्यवर्ती स्थान सहसा देत नाहीं.

शोध कोणाचाही असो, त्याची जाहीर परीक्षा झाली ती लंडनमध्यें, 1875 सालीं. 'द फील्ड' या साप्ताहिकाचे संपादक जे. एच. वॉल्श हे तिचे चालक. मूळचे शस्त्रवैद्य असलेले हे गृहस्थ 'स्टोनहेंज' या टोपणनांवानें कुत्रे, घोडे व बंदुका यांवर लिहीत. ग्रीनर याला तोंड आवळण्याची पहिली सूचना 1874 च्या आरंभीं एका गिऱ्हाइकाच्या पत्रांतून मिळाली होती; वर्षभरांत त्यानें ती कला अशी साधली कीं, त्याच्या बंदुकांविषयींच्या जाहिरातींवर कोणाचा विश्वास बसेना. तेव्हां वाद मिटविण्यासाठीं सर्वांनीं एका जागीं येऊन बंदुका झाडाव्या असें ठरलें. अंतर 40 वार, वर्तुळ 30 इंचांचें. सव्वा औंसाहून थोडें कमी, म्हणजे 1 1/8 औंस, शिसें घेतलें तर इंग्रजी 6 नंबरचे सुमारें 304 दाणे होतात. त्यांपैकीं साध्या नळीनें सव्वाशेंच्या आसपास वर्तुळांत पडावे, आणि चोकाच्या नळीनें दोनशेंवर. छऱ्यांचा जोर पाहण्यासाठीं जाड तपकिरी कागदांचे गठ्ठे ठेवले होते. किती कागद भेदले तें मोजावयाचें. ग्रीनरच्या बंदुकांनीं बाजी मारली आणि पुढील कांहीं वर्षांत चोक सर्वत्र झाला.

त्या दिवसापासून आजतागायत 40 वार आणि 30 इंच हेंच या परीक्षेचें प्रमाण राहिलें आहे. पांढरा रंग दिलेला पत्रा किंवा मोठा कागद उभा करावा, बार काढावा, सर्वांत दाट भागाभोंवतीं वर्तुळ आंखावें आणि भोंकें मोजावीं. मोजणें कंटाळवाणें असतें, आणि एका बारावरून कांहींच ठरत नाहीं. तीच बंदूक, त्याच पेटींतील काडतूस, तोच माणूस, तरी दोन बारांत पुष्कळ अंतर पडतें. म्हणून जाणता मनुष्य दहा बार काढून सरासरी धरतो. एखादी नळी एका कारखान्याच्या काडतुसानें उत्तम वागते आणि दुसऱ्याच्या काडतुसानें रुसते. याचें कारण आधीं कळल्याशिवाय राहत नाहीं असें नव्हे. पण कागदाला विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाहीं, हें खरें.

या परीक्षेंत एक उणीव होती. कागद उभा असतो, बदक उडत असतें. सगळे छरे एकाच क्षणीं पोंचत नाहींत. पुढचे व मागचे अशी त्यांची लांबट रांग होते, आणि उभ्या कागदावर ही लांबी उमटत नाहीं. श्युल्झ दारूच्या कंपनींतील ग्रिफिथ यानें 1880 नंतरच्या दशकांत फिरत्या चकतीवर बार काढून ती मोजण्याचा खटाटोप केला. याहून धीट प्रयोग टेक्ससमधील पत्रकार बॉब ब्रिस्टर याचा. गाड्यावर लांबलचक कागदी लक्ष्य उभारून त्यानें तें मोटारीमागें बांधलें. त्याची पत्नी ताशी 40 मैलांच्या वेगानें ती मोटार त्याच्या समोरून नेई आणि हा मागच्या लक्ष्यावर बार काढी. 1976 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकांत या प्रयोगांची हकीकत आहे. शास्त्राच्या इतिहासांत पत्नींच्या नांवें जें श्रेय लिहावयाचें राहिलें, त्यांत या बाईच्या धैर्याचाही समावेश व्हावा.

इतकें होईपर्यंत वर्तुळाच्या आंत पडलेल्या छऱ्यांविषयीं पुष्कळ ज्ञान जमा झालें होतें. बाहेर पडलेले छरे कोठें जातात, याचा विचार फार थोड्यांनीं केला. एका बारांत अमेरिकी 4 नंबरचे सव्वा औंस छरे धरले तर दाणे सुमारें 170 होतात. बदक पडावयास पांच-सहा पुरतात. बाकीचे, बार लागो वा चुको, पाण्यांत पडतात. आणि शिसें चिखलांत लवकर नाहींसें होत नाहीं. बदकाला दांत नसतात. तें दाणापाणी दळण्यासाठीं बारीक खडे गिळतें व आपल्या पेषणींत साठवून ठेवतें. छरा त्याला खड्यासारखा किंवा बियाण्यासारखाच दिसतो. पेषणींत तो दळला जातो, आम्लानें विरघळतो आणि शिसें रक्तांत जातें. मग पंख लोंबूं लागतात, पेषणीचे स्नायु लुळे पडतात, खाल्लेलें पुढें सरकत नाहीं, आणि पोट भरलेलें असतां तें बदक उपाशीं मरतें.

जॉर्ज बर्ड ग्रिनेल यानें 1894 सालीं 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या शिकाऱ्यांच्याच पत्रांत हें लिहिलें. अलेक्झांडर वेटमोर यानें युटाच्या दलदलींत अभ्यास करून, पाळीव ठेवलेल्या बदकांना छरे चारून, 1919 सालीं सरकारी पुस्तिकेंत तें सिद्ध केलें. फ्रँक बेलरोज यानें 1959 सालीं हिशेब मांडला कीं, उत्तर अमेरिकेंतील पाणपक्ष्यांपैकीं शेंकडा दोन ते तीन दरवर्षीं या विषानें मरतात. पहिल्या लेखापासून या हिशेबापर्यंत 65 वर्षें गेलीं, आणि हिशेबानंतरही कायदा व्हावयास आणखी बत्तीस.

हा विलंब केवळ दुष्टपणाचा नव्हता, हें न्यायानें म्हटलें पाहिजे. शिशाऐवजीं मऊ पोलादाचे छरे वापरावे असें सुचविलें गेलें, तेव्हां शिकाऱ्यांचा आक्षेप विचार करण्यासारखा होता. शिसें पाण्याच्या अकरा पट जड, पोलाद आठ पटींहूनही कमी. हलका दाणा हवेंत लवकर वेग गमावतो. दूरच्या बदकाला तो लागेल, पण मारणार नाहीं. मग विषानें मरणाऱ्यांऐवजीं जखमी होऊन मरणारीं बदकें वाढतील, यांत दया कोणती? प्रश्न खरा होता, आणि तो कागदावर सुटणारा नव्हता. म्हणून 1972-73 सालीं इलिनॉयमधील निलो फार्मवर जिवंत मॅलर्ड बदकांवर परीक्षा घेण्यांत आली. नेम चुकण्याचा प्रश्न उरूं नये अशा बेतानें, निरनिराळ्या अंतरांवरून, शिशाचे व पोलादाचे छरे त्यांच्यावर झाडले आणि प्रत्येकाचें काय झालें तें नोंदलें. हें वाचतांना मन शहारतें. पण त्याच देशांत दर हंगामांत लक्षावधि बदकांवर हाच प्रयोग बेहिशेबी चालला होता, हें ध्यानांत घेतां त्या परीक्षकांनाच तेवढें निर्दय म्हणणें आम्हांस जड जातें.

पोलादानें कागदावर मात्र एक आश्चर्य दाखविलें. शिशाचे दाणे मऊ असल्यामुळें बाराच्या धक्क्यानें व चोकांतून घासून जातांना चेपतात. चेपलेला दाणा वांकडा जातो. पोलादाचा दाणा गोल राहतो. त्यामुळें शिशाला जो पूर्ण चोक लागे त्याचें काम पोलादाला अर्ध्या चोकांत भागूं लागलें. उलट जुन्या, पातळ नळीच्या पूर्ण चोकांतून मोठे पोलादी छरे झाडले तर तोंड फुगण्याची भीति. नळी खरवडूं नये म्हणून छऱ्यांभोंवतीं प्लास्टिकची जाड वाटी आली. वजनाची उणीव भरण्यासाठीं दोन नंबर मोठा दाणा घ्यावा असा नियम ठरला : शिशाच्या 4 नंबरच्या जागीं पोलादाचा 2 नंबर. म्हणजे शंभर वर्षांचें ज्ञान घेऊन बसलेल्या शिकाऱ्याला पुन्हां कागद उभारून भोंकें मोजणें भाग पडलें. कित्येकांनीं तसें न करतां जुन्याच चोकानें, जुन्याच अंतरावरून बार काढले आणि पोलाद निरुपयोगी आहे असा डंका पिटला.

पुढील हकीकत राजकारणाची आहे. 1976 सालीं कांहीं भागांत पोलादाची सक्ति सुरू झाली. 1978 सालीं अलास्काचे सेनेटर स्टीव्हन्स यांनीं, राज्याच्या संमतीवांचून केंद्र सरकारनें ती अंमलांत आणूं नये, अशी तरतूद करून घेतली. त्या गाड्याला गति मिळाली ती बदकांमुळें नव्हे, गरुडामुळें. विषारी झालेलीं बदकें खाऊन त्या देशाचें राष्ट्रचिन्ह असलेला पांढऱ्या डोक्याचा गरुडही मरतो, या मुद्यावर नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशननें 1985 सालीं न्यायालय गांठलें. आणि 1991 सालीं पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिशाला देशभर बंदी झाली. इंग्लंडनें 1999 सालीं बंदी घातली. युरोपीय संघाची पाणथळ जागांपुरती बंदी 2023 च्या फेब्रुवारींत अंमलांत आली.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रीतीनें मागें पडला. भरतपुरच्या केवलादेव तलावावर 12 नोव्हेंबर 1938 रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीच्या शिकारींत 39 बंदुकांनीं 4,273 पक्षी मारले, असें तेथील शिलालेख सांगतो. पाखरें मोजलीं, बंदुका मोजल्या. काडतुसांचा आंकडा त्या दगडावर नाहीं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा मेजवान्या इतिहासजमा झाल्या.

अमेरिकेंतील बंदीचा परिणाम काय झाला, हें अँडरसन, हॅवेरा व झर्चर यांनीं 2000 सालीं प्रसिद्ध केलें. मिसिसिपीच्या मार्गानें ये-जा करणाऱ्या मॅलर्ड बदकांचे शिशानें होणारे मृत्यु शेंकडा 64 नें घटले, आणि 1997 च्या एका हंगामांत देशभरांत सुमारें 14 लक्ष बदकें वांचलीं, असा त्यांचा अंदाज आहे. त्यासाठीं त्यांनीं हजारों पेषण्या चिरून आंतील छरे वेगळे केले. कांहींत पोलाद निघालें, कांहींत अजून शिसें. त्या पेषण्या शिकाऱ्यांनीं मारलेल्या बदकांच्याच होत्या.