गिरणगावची हौशी रंगभूमी

माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत, साचाखात्यात (विणकाम विभागात). पाळी सुटली की चाळीतल्या खोलीत तालीम आणि प्रयोग परळच्या दामोदर हॉलमध्ये. कामगार नेते ना. म. जोशींनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं हे नाट्यगृह १९२२चं. कोकणातले कामगार वर्गणी काढून इथे गावच्या मंडळाच्या नावानं नाटकं आणि नमन हे कोकणातलं लोकनाट्य करीत. नमनातल्या संकासुराची टोकदार टोपी, लुगडं नेसून गवळण झालेला आमचा शेजारी, मृदंगावरची थाप! शिमग्याला रजा न मिळालेल्यांना गाव इथेच भेटायचा. आम्हा मुंबईत जन्मलेल्यांना गावचे देव, मानकरी, चालीरीती कळल्या त्या पुस्तकांतून नव्हे, या नमनांतून. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या गेल्या. नमन करणारी मंडळं उरली. तुमच्या घरात अशा प्रयोगांची जुनी हस्तपत्रकं, फोटो असतील तर रद्दीत घालू नका. वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक फोटोमागे नावं लिहून ठेवा.