दोन राजांचं वऱ्हाड : मीठ, गवत आणि लोकांच्या आंदोलनांनी इथली सत्ता कशी खिळखिळी केली?

पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. इथल्या विहिरींचं पाणी खारट. पिण्याला नको, पिकाला नको. आज हे पाणी इथल्या शेतकऱ्यासाठी डोकेदुखी आहे. पण एप्रिल १९३० मध्ये याच पाण्यानं ब्रिटिश सरकारला डोकेदुखी दिली होती.

गांधीजींनी ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं. वऱ्हाडाला समुद्र नाही. मग इथल्या लोकांनी कायदा मोडायचा कसा? उत्तर घरच्याच विहिरीत होतं. अकोला जिल्ह्यातल्या दहीहांडा इथं खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून सत्याग्रह झाला.

चिमूटभर मिठानं सरकार पडत नाही, हे सत्याग्रहींनाही माहीत होतं. मग यातून नेमकं झालं काय?

आधी हे समजून घ्या : वऱ्हाडचा राजा कोण होता?

वऱ्हाडची गोष्ट इतर भागांपेक्षा वेगळी आहे, कारण इथं कागदावर एक राजा होता आणि कारभार दुसऱ्याचा.

मुळात हा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. निजामाच्या नावानं इंग्रजांनी जी फौज ठेवली होती, तिचा खर्च थकला. त्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेलं. इथली काळी जमीन म्हणजे कापसाचं आगर, त्यामुळे इंग्रजांना ते सोडायचं नव्हतं. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं. बदल्यात निजामाला वर्षाला २५ लाख रुपये मिळणार होते. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं.

१९२०च्या दशकात निजाम मीर उस्मान अलीनं वऱ्हाड परत मागितलं. १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं त्याला साफ नकार दिला. पुढे १९३६ च्या करारात निजामाचं सार्वभौमत्व नावापुरतं मान्य झालं, त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि कारभार इंग्रजांकडेच राहिला.

या सगळ्या व्यवहारात वऱ्हाडच्या माणसाला कुणी काही विचारलं का? नाही. शेत गहाण पडावं तसा अख्खा मुलूख या हातातून त्या हातात गेला.

फ्रान्सशी याचा काय संबंध?

१७८९ च्या राज्यक्रांतीआधी फ्रान्समध्येही मिठावर कर होता. त्याला ‘गाबेल’ म्हणत. काही प्रांतांत माणशी ठरावीक मीठ विकत घेणं सक्तीचं होतं, तर काही प्रांतांना जवळपास पूर्ण सूट. चोरून मीठ आणणाऱ्याला कडक शिक्षा व्हायची. राजाची तिजोरी रिकामी होती, १७८८ चं पीक बुडालं आणि पावाचे भाव भडकले. लोक रस्त्यावर उतरले. १७९० मध्ये हा मीठकर रद्द करावा लागला.

दोन्हीकडे धागा एकच. राजाची सत्ता सामान्य माणसाला दरबारात दिसत नाही. ती दिसते मिठात, भाकरीत आणि जनावराच्या चाऱ्यात. तिथं लोकांनी ऐकणं बंद केलं की सत्तेचा पाया हलतो. फरक असा, की फ्रान्समध्ये रक्तपात होऊन राजा मारला गेला. वऱ्हाडात लोकांनी मुख्यतः तुरुंगात जाण्याचा मार्ग धरला.

तयारी ३० वर्षं आधीच सुरू झाली होती

आंदोलन एका रात्रीत उभं राहत नाही. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचं तेरावं अधिवेशन अमरावतीत भरलं. सी. शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष होते अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे. लोकमान्य टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. खापर्डे टिळकांचे जिवलग सहकारी, त्यामुळे पुढची वीस-पंचवीस वर्षं टिळकांचं राजकारण वऱ्हाडात रुजत गेलं.

१९१४ मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. अमरावतीचे पत्रकार आणि नाटककार वीर वामनराव जोशी, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, यवतमाळचे बापूजी अणे अशी पुढाऱ्यांची फळी तयार झाली. अधिवेशनातली भाषणं हळूहळू तालमीत, वर्तमानपत्रात आणि रंगभूमीवर पोहोचली.

मीठ संपलं, मग गवत कापलं

१९२९ च्या जागतिक मंदीनंतर कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाडचं सगळं अर्थकारण कापसावर. पैसा हातात येईना, पण शेतसारा आणि सावकाराचं व्याज काही थांबेना. अशा वेळी सत्याग्रहाची हाक आली.

पावसाळा लागल्यावर वऱ्हाडातल्या नेत्यांनी नवा मुद्दा घेतला : जंगल. राखीव जंगलात परवानगीशिवाय गवत कापणं हा गुन्हा होता. ज्याच्या गोठ्यात बैलजोडी आहे त्याला हा कायदा समजावून सांगायची गरजच नव्हती. १० जुलै १९३० रोजी बापूजी अण्यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद इथं राखीव जंगलातलं गवत कापलं आणि अटक करवून घेतली. यवतमाळ तेव्हा वऱ्हाडच्या चार जिल्ह्यांपैकीच एक. तिथून जंगल सत्याग्रहाचं लोण आसपासच्या जिल्ह्यांत पसरलं.

हातात विळा घेऊन गवत कापणाऱ्याला पकडायचं तर गुन्हा किती हास्यास्पद आहे हे दिसतं, आणि सोडून द्यायचं तर कायद्याची भीती जाते. सरकार दोन्हीकडून अडकलं. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मीठ तयार होणाऱ्या भागातल्या गावकऱ्यांना आपल्या वापरापुरतं मीठ करायची मुभा द्यावी लागली.

लढा फक्त इंग्रजांशीच होता का?

नाही. सत्ता मंदिराच्या दारातही होती आणि पाणवठ्यावरही. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. त्यासाठी १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या चळवळीतले एक प्रमुख नेते डॉ. पंजाबराव देशमुख पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला.

म्हणजे दहीहांड्याच्या विहिरीवर सरकारचा कायदा मोडला जात होता, तेव्हा वऱ्हाडातल्या कितीतरी विहिरींवर काही माणसांना पाणी भरायचीही बंदी होती. ‘लोकांचं राज्य’ म्हणताना लोक म्हणजे कोण, हा प्रश्न याच मातीत विचारला गेला.

१९३७ आणि १९४२ : भीती गेल्यावर

१९३७ च्या निवडणुकीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेत काँग्रेसनं ११२ पैकी ७० जागा जिंकल्या. कालपर्यंत तुरुंगात असलेली माणसं मंत्री झाली. पोलीस आणि कचेरीतल्या कारकुनासाठी यात स्पष्ट संदेश होता : आज ज्याला बेड्या घालतोय, उद्या तोच साहेब असू शकतो.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि वऱ्हाडातली खेडी पेटून उठली. अमरावती जिल्ह्यातल्या यावली आणि बेनोडा इथं पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मारले गेले. यावली हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं जन्मगाव. त्याच वर्षी त्यांनाही अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं.

मग सत्ता फक्त आंदोलनांमुळे गेली का?

तसं म्हणणं अर्धवट ठरेल. दुसऱ्या महायुद्धानं ब्रिटनची तिजोरी रिकामी केली होती. १९४६ मध्ये नौसैनिकांनी बंड केलं आणि सैन्यावरचा भरवसाही डळमळला. पण आंदोलनांनी एक गोष्ट आधीच करून ठेवली होती : लोकांना धाकात ठेवून राज्य करणं महाग आणि अवघड झालं होतं. फ्रान्सच्या राजाचंही तसंच झालं. तिजोरी आधीच रिकामी होती, लोकांनी ऐकणं बंद केल्यावर सावरायला जागा उरली नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिश राजाचा अंमल संपला. वर्षभरानं, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती पत्करली आणि वऱ्हाडवरचा त्याचा नावापुरता हक्कही निरर्थक झाला.

किताब आणि करार आज कागदपत्रांत उरलेत. त्या दोन गावांची नावं मात्र बदलली. एसटीच्या पाटीवर आणि आधार कार्डावरच्या पत्त्यात आजही ती ‘यावली शहीद’ आणि ‘बेनोडा शहीद’ अशीच लिहिली जातात.